बागेचं बोलावणं

४ डिसेंबर

रवे,

तुझ्या डोंगरावर रेंज नाही हे मला आधी नाटक वाटायचं. फोन लावला की ती बाई म्हणते, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. महिनाभर ऐकलं तिचं. शेवटी कागदावर आले. आमच्या सेतू केंद्रात बिघडलेले फॉर्म ढिगानं पडतात, त्यांच्या पाठीवर लिहितेय. उलटून वाचू नकोस, कुणाचं तरी उत्पन्न कळेल तुला.

बातमी अशी की मी समितीत आहे. नगरपरिषदेची उद्यान समिती. अध्यक्ष उमाकांत आप्पा, ते पाइपांच्या दुकानवाले, बारा महिने पांढरी पँट. वरून नियम आला की समितीत एक बाई पाहिजे, एक अल्पसंख्याक पाहिजे, एक तिशीच्या आतलं कुणीतरी पाहिजे. आप्पा दाखला काढायला सेतूत आले होते. माझ्याकडे बघत सुकलालला, म्हणजे नगरपरिषदेच्या शिपायाला, म्हणाले, तीन खुर्च्या कसाले लावतस, हाई एकलीच तिन्ही शे. अशी मी निवडून आले.

बाग तळ्याकाठचीच. लोणखेड्याच्या कॉलेजला होतो तेव्हा तू आमच्याकडे राहायला आलीस आणि अम्मीनं तिथं बसवून आपल्याला पपई खायला घातली, ती. आता तळं गाळानं भरलंय, काठ ढासळलाय. सुधारणेचे पैसे सरकारकडून मंजूर झालेत, पण दहावा हिस्सा गावानं घालायचा अशी अट आहे. त्याला लोकवाटा म्हणतात. नगरपरिषदेकडं दमडी नाही. ठेकेदार चुनीलाल शेठ म्हणतात, लोकवाटा मी भरतो, बदल्यात वीस वर्षं गेटवर तिकीट माझं.

सगळ्यांचे चेहरे खुलले. मला मात्र अम्मी दिसायला लागली. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका दुपारची नमाज झाली की तळ्याकाठी जाऊन बसतात, तू पाहिलंयस. लसूण सोलतात, रुखवताच्या ओढण्यांना लेस लावतात, कुणाची तरी सून रडून घेते. अख्ख्या गावात तेवढीच एक जागा आहे जिथं त्यांना कुणी विचारत नाही, इथं काय काम आहे. तिकीट लागलं तर अम्मी घरीच बसेल. दहा रुपयांचं काही नाही गं. बसायचे पैसे द्यायचे, हेच तिला पटणार नाही. ती नाही गेली की बाकीच्याही नाही जाणार.

मग मी नियमाचा कागद शेवटपर्यंत वाचला. लोकवाटा श्रमानंही देता येतो. आप्पा म्हणाले, "ठीक शे पोरी. जानेवारी सरेपर्यंत काम दखाड. नही तर चुनीलाल."

रविवारी श्रमदान ठेवलं. व्हॉट्सअॅपवर शेकड्यानं अंगठे आले. अंगठ्यांना हात नसतात, रवे. मी होते, माझा भाऊ सकलैन होता, सुकलाल होता. बाकीचे फावडं धरून फोटो काढून गेले.

अम्मीला अजून तिकिटाचं सांगितलेलं नाही. काय करू?

तुझी,
मंतशा


१३ डिसेंबर

मंते,

तुझं पत्र खापरच्या पोस्टात पडून होतं. तिथून जीपवाल्यानं आणलं, मिठाच्या गोणीवर ठेवून. एक कोपरा खारट झालाय. मी परीक्षेच्या उरलेल्या पेपरांवर लिहितेय, म्हणून डावीकडं समास सोडलाय. सवय.

तुला एक सांगायचंय. मी गेल्या आठवड्यात काय पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांतून जात नाही.

मी रमीबाईंच्या घरात राहते, मागच्या खोलीत. इथलं घर म्हणजे प्रत्येकाची वेगळी टेकडी. शेजारी जायचं तर आधी नाल्यात उतरायचं, मग चढायचं. पलीकडच्या टेकडीवर एकाला घर उभारायचं होतं. सकाळी तिथं नुसते खांब आडवे पडले होते. मी शाळेत गेले. दुपारी खिडकीतून पाहिलं तर आढं चढलं होतं. शाळा सुटली तेव्हा बायका कुडाच्या भिंतींना शेणमाती लावत होत्या आणि आत चूल पेटली होती. मंते, सकाळी नव्हतं ते घर. संध्याकाळी त्यातून धूर येत होता. मी पायवाटेवर उभी राहिले, मला पुढं चालताच येईना.

मजुरी कुणाला नाही. मुकादम नाही. याला लाहा म्हणतात. ज्याचं काम त्यानं घरोघर जाऊन बोलवायचं, घरटी एक माणूस येतं, जेवण बोलावणाऱ्याचं. आमच्याकडं खांडबाऱ्याच्या बाजूलाही होतं असं. बाबा सांगतात की त्यांचं घर असंच झालं, पण आता आमच्याकडं ते भातलावणीपुरतं उरलंय.

तुझं पत्र मी रमीबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं मराठी माझ्या भिलीएवढंच, म्हणजे अर्धं हातवाऱ्यांनी. तळ्यातला गाळ कळला. तिकीट कळेना. मी म्हटलं, बसायचे पैसे. त्या खूप वेळ हसल्या. मग विचारलं, तुझ्या मैत्रिणीनं कुणाला बोलावलं होतं? मी सांगितलं, मोबाइलवर सगळ्यांना. त्या म्हणाल्या, सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही. आणि मग अगदी सहज, भाकर थापता थापता, "बोलवायचं तर आम्हाला बोलव म्हणावं."

तू बोलाव, मंते. चिठ्ठी लिही. तुझ्या नावानं मी फिरते घरोघर.

रविना


७ जानेवारी

रवे,

काल तुझी माणसं आली. तू यायला हवं होतंस. तुझ्या त्या परीक्षा.

सकलैन आणि त्याचा दोस्त मिरचीचे टेम्पो घेऊन खापरला गेले होते. उजाडताना परत आले. मला वाटलं होतं, पंधरावीस माणसं येतील. टेम्पोतून माणसं उतरतच राहिली. बायका, म्हातारे, प्रत्येकाकडं आपली कुदळ, आपली टोपली. मी माइक घेऊन उभी होते, स्वागताचं लिहून आणलं होतं. कुणी थांबलंच नाही. रमीबाईंनी तळ्याला एक फेरी मारली, गाळ चिमटीत धरून पाहिला, पदर खोचला आणि उतरल्या. बस. तेच उद्घाटन.

मी इतका आवाज कधी ऐकला नाही, आणि त्यात आरडाओरडा नव्हता. शंभर कुदळी. एका टोकाची बाई गाण्याची एक ओळ म्हणायची, दुसऱ्या टोकाची ती पुरी करायची, आणि मधल्या सगळ्या टोपल्या त्या चालीवर पुढं सरकायच्या. कोण कुणाला सांगतंय ते मी शोधत होते. कुणीच कुणाला सांगत नव्हतं. आपल्या गावचे लोक भिंतीवर बसून बघायला लागले, सर्कस आल्यासारखे. मग एक उतरला, चप्पल काढून. मग त्याच्या बाजूचा. दुपारपर्यंत भिंत रिकामी झाली होती.

जेवण अम्मीनं केलं. तिकिटाचं तिला तोपर्यंत कळलं होतंच. आमच्या गल्लीतल्या सगळ्या चुली त्या दिवशी एकच खिचडी शिजवत होत्या.

उन्हं कलली तेव्हा तळाला ओल लागली. आधी काळी, मग चकाकणारी. सगळे थांबले. एक म्हातारा वाकला, ओंजळ लावून बसला, आणि ओंजळीत पाणी जमलं. कोरड्या मोसमात, रवे. मी त्या बागेत लहानाची मोठी झाले. खाली हे आहे, हे मला माहीतच नव्हतं.

इंजिनिअरनं टेप लावून मोजलं. निम्मा लोकवाटा एका दिवसात. आता काठाला दगड बसवायचे तेवढे बाकी. आप्पा इतके खूश की त्यांनी स्वतःच्या खिशातून शाल आणि नारळ आणला, रमीबाईंचा सत्कार केला, फोटो काढला, आभार मानले. कार्यक्रम संपला.

एक गंमत. जायच्या आधी रमीबाई आमच्या मोहल्ल्यात फिरल्या. एकेका घरात शिरायच्या, चहा घ्यायच्या, घरातल्या बाईचा हात हातात घेऊन तिच्याकडं नीट बघायच्या, की पुढच्या घरी. बायका ओढणीत हसत होत्या. पहिल्यांदाच शहरातली घरं आतून बघत असतील, नाही?

त्यांना माझा सलाम सांग. तुझ्या डोंगराला वेगळा.

मंतशा


१५ जानेवारी

मंते,

पत्र दोनदा वाचलं. चूक माझी आहे. मी तुला अर्धाच लाहा सांगितला.

उरलेला अर्धा मी लिहिला नाही, कारण लिहायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जेवल्यावर हात धुवायचे हे कुणी पत्रात लिहितं का? तू बोलावलंस, ते आले. आता ते बोलावतील तेव्हा तुम्ही यायचं. घरटी एक. त्याला शाल चालत नाही.

रमीबाई तुमची घरं बघत नव्हत्या. बोलवायच्या माणसांना ओळखून ठेवत होत्या.

त्या परत आल्यापासून दोन टेकड्यांवर हेच चाललंय की शहर येणार. रमीबाईंना धाकट्याचं घर बांधायचंय, कौलं नाल्यापर्यंत येऊन पडलीत, तिथून पुढं गाडी जात नाही. ती वर चढवायची आहेत. दिवस ठरलाय, एक फेब्रुवारी. त्यांनी मला सांगितलं, तुझ्या मैत्रिणीला, तिच्या आईला, आणि त्या पांढऱ्या पँटवाल्याला बोलव. शाल त्यांनी त्याच दिवसासाठी घडी करून ठेवलीये, येताना त्याला थंडी वाजली तर.

तुम्ही नाही आलात तर इथं कुणी काही बोलणार नाही. तेच वाईट आहे. घरोघर फिरले ती मी. तुझ्या नावामागं माझं तोंड होतं. ज्याच्या बोलावण्याला परतफेड नाही त्याच्या हाकेला इथं कुणी ओ देत नाही, आणि माझं काम तर सगळं हाकेवरच चालतं. पोरी शाळेत पाठवा म्हणून मी रोज याच दारांत उभी असते. अर्ध्या पोरी माझ्या शब्दावर बसतात वर्गात.

लवकर लिही.

रविना


२४ जानेवारी

रवे,

मी घरोघर फिरले. खरंच फिरले, मोबाइल घरी ठेवून.

मिरचीचा मोसम आहे, वाळवणाच्या पथारीवरून कुणाला उठता येत नाही. शिवणाऱ्यांकडं लग्नांचे कपडे पडलेत. एकीचा नवरा म्हणाला, डोंगरात? आणि रात झाली तर? दुसरीनं दार उघडं ठेवून आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. सकलैन म्हणतो, त्या दिवशी त्याला मिरचीचं भाडं आहे. माझा सख्खा भाऊ.

आप्पांकडं गेले. ते म्हणाले, अगं पण आपण सत्कार केला ना त्यांचा? पेपरात आलं ना? मी त्यांना तुझं सगळं सांगितलं. त्यांनी पाइपाचं एक तोंड फडक्यानं पुसत पुसत ऐकलं आणि म्हणाले, शेवटची मिटिंग एक फेब्रुवारीलाच आहे, काठाचे दगड बसलेले नाहीत, चुनीलालचा ठराव येणार.

तोच दिवस. मी तिथं नसले तर हरकत घेणारं कुणीच नाही, ठराव दोन मिनिटांत पास होईल. मी तिथं असले तर तुझ्याकडं नाही. बाग आणि तू. मी हे अम्मीला रडत सांगितलं. ती लसूण सोलत होती. सोलतच राहिली. थकलीये ती.

रवे, रमीबाईंना म्हण, दिवस पुढं ढकला. आठवडाभर. मी एकटी तरी येईन.

मंतशा


१ फेब्रुवारी, दुपार

रविना,

तुझं उत्तर आलं नाही. म्हणजे दिवस ढकलला गेला नाही, आणि तू माझ्यावर रागावलीयस. बरोबर आहे.

सकाळी उठले तर घरात कुणी नव्हतं. अम्मी तिच्या बहिणीकडं, खालाकडं गेली असेल. टेम्पो जागेवर नव्हता. स्टँडपर्यंत जाऊन पाहिलं, वाटलं, एखादी तरी बाई पिशवी घेऊन उभी असेल. कुणी नव्हतं. मोहल्ला इतका गप्प होता की मला वाटलं, माझ्यापासून तोंड लपवताहेत.

मिटिंगला बसले. मी आणि सुकलाल. चुनीलाल शेठ बाहेर बाकावर, हातात ठरावाची प्रत. आप्पा आले नाहीत. आणखी दोघं आले नाहीत. तासभर वाट पाहून सुकलालनं लिहिलं, कोरम नाही, सभा तहकूब. मला सगळं कळलं. माझ्यासमोर मत द्यायला लाज वाटली त्यांना. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पुढच्या वेळी गुपचूप पास करतील.

आता बागेत बसून लिहितेय. तळ्यात वीतभर पाणी आहे आणि त्यात दोन बगळे. आज बायकाही आल्या नाहीत. तिकीट लागल्यावर ही जागा कशी दिसेल ते मला आजच दिसलं.

तू मला एक गोष्ट दाखवलीस आणि मी ती मोडली. तुला तिथं काय ऐकावं लागलं असेल? मला लिहू नकोस, पण पोरींना शाळेत बसव कसंही करून.

मंतशा


२ फेब्रुवारी

मंते,

तुझं ढकला-ढकला पत्र काल त्यांच्यासोबतच आलं. अम्मीनं खापरला पोस्टातून उचलून आणलं आणि माझ्या हातात देत म्हणाली, ये अब मत पढ.

मी तुला सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी पाड्यातले सगळे नाल्याशी येऊन बसले होते. कौलांचा ढीग, त्याच्या बाजूला आम्ही. मी सगळ्यांच्या मागं, खडकाच्या आड बसले होते. ऊन वर आलं. रमीबाई खालच्या वाटेकडं बघत होत्या, मध्येच उठून चुलीवरचं भाताचं पातेलं बघून यायच्या. बायकांची चुळबुळ सुरू झाली. मी जमिनीकडं बघत होते, मंते. मी ठरवलं होतं, उद्याच बदलीचा अर्ज करायचा.

मग आधी शिंका ऐकू आल्या.

नाल्याच्या वळणापलीकडून, एकामागून एक, डोंगरावर घुमणाऱ्या. सकलैनचा टेम्पो आला. काल-परवापर्यंत त्यात मिरच्या होत्या, तो धुवायला त्याला वेळ मिळाला नव्हता. तुझा अख्खा मोहल्ला त्या मिरचीच्या धुळीत बसून आला होता. काळे बुरखे, लाल डोळे, नाकाला ओढण्या. पहिली तुझी अम्मी उतरली. शिंकली. रमीबाई पुढं झाल्या, त्यांनी तिचा हात धरला, आणि त्याही शिंकल्या. मग काय विचारतेस. अर्धा तास दोन्ही गावं नुसती शिंकत आणि हसत होती.

आणि समितीतल्या दोघांना घेऊन, टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उमाकांत आप्पा. पांढरी पँट.

मला त्यांनीच सांगितलं. परवा संध्याकाळी अम्मी त्यांच्या दुकानात गेली होती, पाठीमागं मोहल्ल्यातल्या बायका. तुझ्यानंतर तीही घरोघर फिरली होती, तुला न सांगता. ती आप्पांना म्हणाली, "आप्पा, शाल दिधी म्हणजे फिटनं का? हातना बदला हातच शे." आप्पा म्हणाले, पण मिटिंग शे. ती म्हणाली, तुम्ही नही गयात तर मिटिंग कशी व्हई? तुला का सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर आप्पांनी अम्मीकडं बोट दाखवलं. तीच म्हणाली, मंतशाला तिथंच बसू दे. कोरम नाही म्हटल्यावर कुणी काही करू गेलं, तर हरकत घ्यायला एक माणूस पाहिजे घरचं.

आता कौलं.

नाल्यापासून रमीबाईंच्या टेकडीपर्यंत रांग लागली. एक पाड्यातलं माणूस, एक तुमचं, एक पाड्यातलं, एक तुमचं. कुणी तशी लावली नाही, तशी लागली. पहिलं कौल निघालं. सुरुवातीला दोन फुटलीही. देणारी भिलीत म्हणायची घे, घेणारी हिंदीत म्हणायची दे, मग पुढं सगळ्यांनी बोलणंच सोडलं. हात नुसते उजवीकडून डावीकडं. मी मध्यावर होते. माझ्या हातात येणारं कौल कुठून निघालं ते मला खाली झाडीत दिसत नव्हतं. कुठं जाणार तेही वर उन्हात दिसत नव्हतं. ते नुसतं येत होतं, कोमट, आधीच्या हातांची ऊब घेऊन, आणि मी ते पुढं देत होते. मला कधी चर्चमध्येही असं झालेलं नाही, मंते. मला वाटलं, मी थांबले तर डोंगर थांबेल.

वर आढ्यावरून गाणं आलं. खालून तुझ्या खालानं उत्तर दिलं, लग्नातली काहीतरी ढोलकीची चाल, शब्द वेगळेच. बसलं ते. कसं बसलं मला विचारू नकोस.

दुपार टळायच्या आत छप्पर झालं. जेवणं झाली. आप्पा दगडावर बसले होते, पँट कौलांच्या रंगाची झालेली. रमीबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, तळं पुरं झालं का? आप्पा म्हणाले, नाही, काठाला दगड लावायचेत. त्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हे म्हणतील की पत्र पाठवू, समितीत ठेवू.

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत. मला विचारलं, "पोरी, काय म्हणानं ऱ्हास दारमा?"

मी म्हटलं, काही नाही आप्पा, नुसतं म्हणायचं, या.

तिकीट तिथंच संपलं, मंते. ठराव बिराव तुम्ही करत बसा.

मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले, बोलावणाऱ्यानंच जायचं असतं ना. पहिली टेकडी उतरले, नाला ओलांडला, दुसरी चढले. टेम्पो भरून तयार होता, सकलैन हॉर्न वाजवत होता, अम्मीनं त्याला गप्प केलं. आम्ही सगळे अंगणात उभे राहून बघत होतो. एकेका टेकडीवर एकेक घर, आणि त्यांच्यामधून उतरणारा, चढणारा तो एवढासा माणूस. दारं उघडत होती. शेवटच्या घराशी पोचले तेव्हा ते इतके लांब होते की दिसलं फक्त एवढंच, कुणीतरी वाकून उभं आहे.

तुझी,
रविना